वाल्डेमार हाफकिन : सेवा, आरोप आणि न्याय

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



वर्धापनदिनी प्रशासकाने जमाखर्चाचे आकडे सांगावेत, असा प्रघात आहे. ते आकडे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. आज मी आपला थोडा वेळ एका परदेशी संशोधकाच्या स्मरणासाठी मागणार आहे. परळच्या संस्थेमुळे त्यांचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभूनही, धर्मांतरास नकार दिल्यामुळे मायदेशी प्राध्यापकपदाचे दार त्यांना बंद झाले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाले ते ग्रंथालयातील काम! तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. शहर भयभीत झाले. लोक घरेदारे सोडून जाऊ लागले. अशा वेळी हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या साधनांनिशी त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचीही पहिली मात्रा त्यांनी स्वतःच घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. साशंक जनतेला विश्वास वाटावा म्हणून तरुण आगाखान यांनी लस टोचून घेतली व कार्यासाठी जागाही उपलब्ध करून दिली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. दात्यांच्या आधारावाचून विज्ञानाची वाट किती बिकट असते, हे येथे जमलेल्या देणगीदारांना मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. परळच्या प्रयोगशाळेतच लस दूषित झाली, असा ठपका आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, शिवाय परकीय होते. त्यांची बाजू घेणारे थोडेच होते.

सत्य उजेडात आले ते नोंदींमुळे. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. दगावलेल्या १९ जणांना दिलेली लस एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतील होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते, हे साक्षीत नोंदले गेले होते. तरीही न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून आवाज उठवला, तेव्हा कोठे हाफकिन दोषमुक्त झाले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले खरे, पण कलकत्त्यास. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधभांडारातील बॅच क्रमांकांची नोंदवही म्हणजे केवळ मालाचा हिशेब, अशीच माझी पूर्वी समजूत होती. हाफकिन यांचे चरित्र वाचल्यावर ती गळून पडली. परिचारिका भगिनी रात्रपाळीत, डोळ्यांवर झोप असतानाही, जो क्रमांक लिहून ठेवतात, तो उद्या एखाद्या शोकाकुल कुटुंबाला सत्य सांगू शकतो आणि एखाद्या निरपराध सहकाऱ्याला कलंकापासून वाचवू शकतो. हे लेखन कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे. परंतु ते रुग्णसेवेचाच भाग आहे.

रुग्णालय माणसेच चालवतात आणि माणसांच्या हातून चुका होतात. आमच्या हातून कधीच चूक होणार नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. मात्र अघटित घडल्यास आम्ही प्रथम नोंदी तपासू, त्या आप्तेष्टांपुढे ठेवू आणि चौकशी पूर्ण होण्याआधी कोणाही एका व्यक्तीच्या माथी दोष मारणार नाही, एवढे वचन या व्यासपीठावरून देतो. मुलकोवालच्या १९ कुटुंबांना आणि हाफकिन यांना, दोघांनाही सत्य वेळेवर मिळावयास हवे होते.

आपला विश्वास हीच या संस्थेची खरी ठेव आहे. ती जपण्याचे बळ आम्हांस लाभो, अशी प्रार्थना करतो.