वऱ्हाडचा युवराज, वऱ्हाडाविना

उस्मानपुऱ्यातून बोलतेय. खिडकी बंद केलीय, तरी खालून रिक्षांचे हॉर्न येणारच, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय माझ्या पगाराच्या स्लिपमधून निघालाय. मागच्या महिन्यात ऑफिसात माझं पद बदललं. आधी मी नुसती 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' होते, आता 'लीड इंजिनिअर'. मेल आला, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले, आईने पेढे आणले. आणि महिनाअखेर स्लिप उघडली तर आकडा जिथल्या तिथे. बरं, लीड म्हणजे टीम तरी असेल? तीही नाही. कालपर्यंत जो कोड लिहीत होते तोच आजही लिहितेय, फक्त आता काही अडलं तर उत्तर मी द्यायचं.

हे सगळं जेवताना सांगत होते. आमची आजी खामगावची. तिने भाकरी मोडता मोडता एवढंच म्हटलं, "निजामाच्या पोराले इंग्रजायनं वऱ्हाड देल्लं होतं ना, तसंच देल्लं तुले."

मला काही कळलं नाही. आजीने हे तिच्या वडिलांकडून ऐकलेलं. मी रात्री वाचायला बसले आणि दोन वाजले.

तर गोष्ट अशी आहे. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम. काळी जमीन, कापूस. निजामाच्या मुलखातला हा श्रीमंत तुकडा. त्याच्यावर नागपूरकर भोसल्यांचाही हक्क होता, म्हणजे वसुली दोघांची. इंग्रज तर आपल्या कागदांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांना 'राजा ऑफ बेरार' म्हणायचे. १८०३ साली भोसले हरले, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड त्यांना सोडावं लागलं. ते निजामाकडे गेलं.

निजामाकडे राहिलं का? तर नाही. हैदराबादेत इंग्रजांच्या ताब्यातली एक फौज होती, खर्च निजामाने द्यायचा. म्हणजे सब्स्क्रिप्शन तुमच्या कार्डावर आणि पासवर्ड दुसऱ्याकडे. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ साली डलहौसीच्या काळात करार झाला: फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गकडचा भाग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभाराखाली द्यायचे. मालक निजामच, फक्त कारभार इंग्रजांचा. पुढे १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही मिळालं. कापसाचा मुलूख कोण सोडतो?

मग १९०२ साली लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून, मीर महबूब अली खानांकडून, वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं. भाडं वर्षाला २५ लाख रुपये. 'कायमच्या' हा शब्द लक्षात ठेवा. यानंतर निजामाला जी.सी.बी. हा मोठा ब्रिटिश किताब मिळाला आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला, 'गेव्ह कर्झन बेरार'. मीम तेव्हाही बनत होते, फक्त फोन नव्हते.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान मात्र हट्टाला पेटले. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांना भरपूर पैसा दिला होता. १९२३ साली त्यांनी रीतसर मागणी केली, की आमचं वऱ्हाड आम्हाला परत द्या. त्यावर १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं जे उत्तर आलं ते वाचून मला एचआरचे मेल आठवले. मुद्दा असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कुठलाही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. संपला विषय.

दहा वर्षांनी, १९३६ साली, तोडगा निघाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व इंग्रजांनी मान्य केलं. कारभार मध्य प्रांतासोबत, नागपूरहूनच. २५ लाख चालू. त्याबदल्यात निजामाला काय मिळालं? वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याशेजारी त्याचा झेंडा. तिथे दरबार भरवायची परवानगी, तीही गव्हर्नरच्या संमतीने. स्वतःच्या नावात 'हैदराबाद आणि बेरारचे निजाम' अशी भर. आणि थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, नवा किताब: हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार.

हेच ते आजीचं वऱ्हाड.

ही कल्पना काही नवी नव्हती. इंग्लंडच्या युवराजाला १३०१ पासून 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणायची रीत आहे, त्याचीच ही नक्कल. फ्रान्समधली गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. तिथे दोफिने नावाच्या प्रांताचा धनी उंबेर दुसरा कर्जात बुडाला. त्याने १३४९ साली प्रांत फ्रेंच राजघराण्याला देऊन टाकला. त्या प्रांताच्या धन्याला 'दोफँ' म्हणायचे, म्हणजे डॉल्फिन, त्याच्या ढालीवर डॉल्फिन होता म्हणून. तेव्हापासून फ्रेंच राजाच्या वारसाचा किताबच 'दोफँ' झाला. धाकट्या भावांसाठीही असाच किताब होता, 'ऑर्लेआँचा ड्यूक'. पण धाकट्यांच्या घराण्यांना भूक असते हो. अशाच एका ऑर्लेआँच्या ड्यूकने १७९३ साली आपल्याच नात्यातल्या सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या बाजूने मत दिलं, त्याच वर्षी स्वतःही गिलोटिनखाली गेला, आणि १८३० साली त्याचा मुलगा राजा झाला.

इथे मी थांबले, कारण दोन्हीकडे सुरुवात कर्जाची आहे. पण फ्रान्समध्ये ज्याच्याकडे जमीन आली, त्याच्याकडे किताब आला. आपल्याकडे ज्याची जमीन गेली, त्याला किताब दिला.

आता या युवराजाच्या लग्नाकडे येऊ, कारण ते आमच्या शहराच्या अगदी जवळ येऊन पोचतं. १९२४ साली तुर्कस्तानने शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांना देशाबाहेर घालवलं. ते फ्रान्समध्ये नीस शहरात राहिले. पैशाची चणचण होती, निजामाने तनखा सुरू केला. १९३१ साली नीसमध्येच खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार आणि आझम जाह यांचं लग्न झालं. नवरी सतरा वर्षांची. धाकटा भाऊ मोअज्जम जाह याचं लग्न त्याच दिवशी निलोफरशी. दुर्रुशेहवार पुढे 'प्रिन्सेस ऑफ बेरार' झाली. हैदराबादेत आजही तिच्या नावाचं लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. किताब नुसता असला तरी तिने काहीतरी उभं केलं, हे मला आवडलं.

तिच्या वडिलांसाठी निजामाने खुलताबादजवळ मकबरा बांधून घेतला असं सांगितलं जातं. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारले, दहा वर्षं त्यांचं शव तिथल्या मशिदीत राहिलं आणि १९५४ साली मदिनेत दफन झालं. खुलताबादेत पहिले निजामही आहेत आणि औरंगजेबही. पण खलिफांसाठीची ती इमारत रिकामीच राहिली. मागच्या रविवारी मी गाडी काढून तिकडे गेले होते. डोंगर, वारा, शेळ्या. फोटो काढला आणि आजीला दाखवला. ती म्हणाली, "माणूस नाही तं घर काहाले बांधलं?"

आझम जाह यांच्याकडे हैदराबादच्या फौजेचं सरसेनापतीपदही होतं. पण सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा शरणागती दिली ती जनरल एल एद्रूस यांनी. आमच्या घरी १७ सप्टेंबरला झेंडावंदन चुकत नाही, आजोबा मराठवाड्याचे. ती गोष्ट ते सांगायचे तेव्हा त्यात एद्रूस असायचे, रझाकार असायचे, 'वऱ्हाडचा युवराज' कधीच नसायचा.

आणि शेवट बघा. वडिलांनी आझम जाह यांना वारसाच केलं नाही, नातू मुकर्रम जाह यांना केलं. १९६७ साली सातवे निजाम गेले, गादी नातवाकडे गेली. प्रिन्स ऑफ बेरार कधी निजाम झालेच नाहीत. १९७० साली वारले. पुढच्याच वर्षी घटनादुरुस्तीने सगळ्याच संस्थानिकांचे किताब आणि तनखे गेले. तोवर १९५६ साली वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात एकत्र आले होते. ज्यासाठी निजामाने पत्रं लिहिली ते झालं, फक्त त्यात निजाम नव्हता.

निजामाला १९३६ साली दुसरा पर्याय होता का? फारसा नव्हता. समोर साम्राज्य होतं, सही केली नसती तरी वऱ्हाड मिळालं नसतं. माझ्यासमोर साम्राज्य नाही, एक मॅनेजर आहे. शुक्रवारी त्याला मेल टाकला, साध्या भाषेत तीन ओळी: पद मिळालं, आभार, पगार कधीपासून बदलणार ती तारीख कळवा. आणि तारीख नसेल तर नावापुढचा 'लीड' काढून टाका, अडलेलं विचारायला मग दुसऱ्या कुणाकडे जा.

आज मंगळवार. अजून उत्तर नाही. आजी रोज संध्याकाळी विचारते, "आलं का वो तुयं वऱ्हाड?"

आलं तर पुढच्या भागात सांगते.