मत्स्यपेटीतील चल माध्यमाची गाळणी



शाळेच्या वर्गात किंवा घराच्या बैठकीत ठेवलेल्या मत्स्यपेटीतील मासे पुष्कळदा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातच मरतात. माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे काही नायट्राइटचे त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. (दोन्ही कामे एकटेच करणारे जीवाणूही असतात, हे २०१५ साली उघड झाले.) या जीवाणूंना चिकटून राहण्यास पृष्ठभाग आणि श्वसनास प्राणवायू पुरविणे, हेच जैविक गाळणीचे कार्य होय.

हा पृष्ठभाग सतत हलता ठेवण्याचे तीन प्रकार घरगुती पेट्यांसाठी प्रचलित आहेत. पहिला प्रकार प्लॅस्टिकच्या पोकळ तुकड्यांचा. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात नॉर्वेत सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी विकसित झाली. आपल्याकडील गृहसंकुलांच्या सांडपाणी केंद्रांतही ती आढळते. हवेच्या बुडबुड्यांनी तुकडे घुसळत राहतात, एकमेकांवर आदळतात आणि वरचा जीर्ण थर आपोआप झडून जातो. दुसरा प्रकार बारीक वाळूचा. उभ्या नळीत खालून पाणी सोडून वाळूचा कण न् कण तरंगता ठेवला जातो. तिसरा प्रकार पेटीच्या काठावर अडकविलेल्या चाकाचा. पाण्याच्या धारेने ते फिरते आणि अर्धे पाण्यात, अर्धे हवेत राहते.

विक्रेते पृष्ठभागाचे आकडे सांगतात. त्या हिशेबात वाळूला तोड नाही. प्लॅस्टिकच्या नेहमीच्या तुकड्यांतून दर घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर उपयुक्त पृष्ठभाग मिळतो, वाळूतून त्याच्या कित्येक पट. परंतु घरच्या पेटीला इतक्याची गरज असते काय? दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तीत दिवसाला १ ग्रॅम खाद्य पडले, तर अमोनियाच्या रूपाने सुमारे ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतो. एक लिटर तुकड्यांवर अर्धा चौरस मीटर जागा असते, आणि एवढ्या कामाला ती पुरते. (इतक्या लहान पेटीला साधा स्पंजचा फिल्टरही चालतो, हे सांगितलेच पाहिजे.)

खरा प्रश्न प्राणवायूचा आहे. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाच्या रूपांतरास सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. वाळूच्या बंद नळीत तो केवळ वाहत्या पाण्याबरोबर येतो. वीज गेली की पंप थांबतो, वाळू तळाशी दाबून बसते आणि आतील प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. जीवाणू गुदमरतात. वीज परतल्यावर तेच दूषित पाणी पेटीत ढकलले जाते आणि सकाळी मासे मेलेले आढळतात. दोष मात्र खाद्याला दिला जातो! म्हणून दीर्घ खंडानंतर नळीतील पाणी प्रथम बादलीत काढून टाकावे. चाकाला तेवढा धोका नाही. त्याचा पाण्याबाहेरचा भाग मात्र वाळू लागतो, तेव्हा तो हाताने फिरवून ओला करावा.

प्लॅस्टिकचे तुकडे पाण्याहून किंचित हलके असल्याने वीज जाताच वर तरंगतात आणि त्यांच्यातील पोकळी मोकळी राहते. शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जोडला, की माध्यम व मासे या दोघांनाही प्राणवायू मिळतो. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथील शाळेने वाळूची गाळणी घेऊ नये, हेच उचित.

तुकड्यांच्या पद्धतीतही उणिवा आहेत. तिच्यात गाळ अडकत नाही, म्हणून पाणी आत येण्याच्या तोंडाशी स्पंज हवा. बुडबुड्यांचा आवाज निजण्याच्या खोलीत खटकतो. तुकड्यांनी कप्प्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग भरल्यास ते नीट घुसळत नाहीत. तुकडे धुण्याची वेळ आलीच, तर क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याने न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्याने धुवावेत. नायट्रेट साचतच राहते, यास्तव दर आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे लागते. नवे पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात भरून ठेवावे.

नवे तुकडे पहिले काही दिवस नुसते वर तरंगत राहतात. पुष्कळांना गाळणी बिघडली असे वाटते, पण जीवाणूंचा थर चढू लागला की ते बुडून फिरू लागतात. थर पुरेसा जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. जुन्या, निरोगी पेटीतील स्पंज त्यांच्या सोबत ठेवल्यास हा काळ कमी होतो. तोवर पेटीत दोन-तीनच मासे सोडावेत व खाद्य चिमूटभरच द्यावे.