जुन्या ट्रकाचा पंप



पिळगावच्या सारमानस धक्क्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी २०१२ पूर्वी पाहिला असेल, त्यांना त्या रस्त्यावरील तांबडी धूळ आणि खनिज भरलेल्या टिपरांची न संपणारी रांग आठवत असेल. टिपर धक्क्यावर रिकामे व्हावयाचे, खनिज बार्जमध्ये पडावयाचे आणि मांडवीतून मुरगावकडे जावयाचे. सप्टेंबर २०१२ मध्ये हे सारे थांबले. प्रथम राज्य सरकारने खाणी बंद केल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचाही हुकूम आला. धूळ बसली, लोकांना मोकळा श्वास घेता आला, हे खरेच. परंतु ज्यांच्या दारात कर्जाने घेतलेला ट्रक उभा राहिला त्यांची झोप मात्र गेली. त्या उभ्या राहिलेल्या ट्रकांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या पोटात डिझेल फवारणाऱ्या पंपाविषयी, मी आज बोलणार आहे.

अमेरिकेत जुन्या मोटारींचा एक मोठा शौक आहे. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने जीटीओ नावाची दांडगी मोटार काढली आणि तशा मोटारींची तेथे लाटच आली. आज त्या मोटारी बाळगणारे हौशी लोक त्यांचा मूळचा कार्ब्युरेटर काढतात आणि त्या जागी संगणकाने चालणारी इंधन-फवारणीची यंत्रणा बसवितात. जुन्या देहात नवे हृदय घालण्याचाच तो प्रकार. आमच्या डिचोलीतही जुन्या देहात नवे हृदय घालण्याचे प्रयत्न झाले. फरक इतकाच, की तेथे ती हौस होती आणि येथे पोटाचा प्रश्न.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. हवा मूळ आकाराच्या सतराव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली म्हणजे ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारताच ते पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हा इंधन आत ढकलण्यास त्याला दाबलेल्या हवेचे वेगळे अवजड यंत्र जोडावे लागले होते. असे इंजिन ट्रकावर कसे बसणार? ती अडचण जर्मनीतील रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने सोडविली. १९२७ साली तेथे आटोपशीर फवारणी-पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि डिझेल इंजिन रस्त्यावर आले. आपल्याकडे १९५१ साली बॉशच्याच सहकार्याने बंगळुरास मायको कंपनी निघाली, आणि १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधावयास घेतले. आमच्या भागातील मेस्त्री अद्यापि अशा पंपास सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात, तो कोणीही केलेला असो.

या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याचे नळकांडे असते. या जोडीला कारागीर ‘एलिमेंट’ म्हणतात. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधील फट दोन-तीन मायक्रॉनची. म्हणजे आपल्या डोक्यावरील एका केसाच्या जाडीत अशा वीस-पंचवीस फटी सहज मावाव्यात. एका वेळी फवारले जाणारे डिझेल म्हणजे जेमतेम दीड-दोन थेंब. इंजिन मिनिटास चोवीसशे फेरे घेत असेल, तर हे दीड थेंब प्रत्येक सिलिंडरात सेकंदास वीस वेळा, ठरल्या क्षणी आणि सर्वांत सारखेच पडले पाहिजेत. मी विज्ञान शिकवितो, तरी हा हिशोब फळ्यावर मांडताना मला अजून नवल वाटते.

आता असा पंप तीन वर्षे जागच्या जागी उभा राहिला तर काय होते? अर्धवट रिकाम्या टाकीत आपल्या दमट हवेचे पाणी धरते. ते तळाशी बसते, गंज धरतो, डिझेल जुने होऊन चिकट होते, आणि त्या दोन मायक्रॉनच्या फटीत ही घाण शिरली की दट्ट्या जागीच चिकटतो. ट्रक चालून झिजतो त्याहून उभा राहून लवकर मरतो, असे आमचे मेस्त्री म्हणतात. ते मला तेव्हा अतिशयोक्त वाटले होते.

माझ्या थोरल्या बंधूंचा ट्रक असाच उभा होता. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठविली आणि २०१५ च्या पावसाळ्यानंतर काही खाणी पुन्हा चालू होतील असे दिसू लागले. बंधूंनी नवी बॅटरी आणली, टाकीत ताजे डिझेल ओतले आणि एका रविवारी दुपारी ट्रक चालू करावयास घेतला. मी आणि शेजारचे वृद्ध मेस्त्री उभे राहून पाहत होतो. तिसऱ्या खेपेस इंजिन धडधडले. आम्हांस आनंद झाला, पण तो अर्धा मिनिटसुद्धा टिकला नाही. इंजिनाचा आवाज चढू लागला तो चढतच गेला. बंधूंनी बंद करण्याची दांडी ओढली. काही उपयोग नाही. सबंध ट्रक थरथरू लागला. “मास्तर, फळी आणा!” मेस्त्री ओरडले. मी अंगणातील एक फळी त्यांच्या हाती दिली. हवेची गाळणी साफ करण्यासाठी काढून ठेवली होती, त्या उघड्या तोंडावर त्यांनी ती फळी दाबून धरली. हवा तुटली आणि इंजिन गुदमरून थांबले. आणखी काही क्षण गेले असते तर त्याचे तुकडे अंगणात उडाले असते. बंधू गाडीतून उतरले आणि पायरीवर बसून राहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

झाले होते ते असे. सहांपैकी दोन एलिमेंट चिकटले होते. किती डिझेल जावे हे दट्ट्या थोडा फिरवून ठरते आणि सर्व दट्ट्यांना फिरविणारी दात्यांची दांडी एकच असते. दोन दट्टे फिरेनात, म्हणून दांडी सरकेना. इंजिन थांबलेले असताना ही दांडी पूर्ण डिझेलच्या बाजूस असते. ती तेथेच अडकली आणि उरलेले चार सिलिंडर भरपूर डिझेल पिऊन उधळले. तेव्हा ज्यांच्या दारात जुना ट्रक उभा आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की बटण दाबण्यापूर्वी पंपाचे बाजूचे झाकण काढून ती दांडी बोटांनी मागेपुढे सरकते की नाही हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. तिला सरकावयास जोर लागत असेल, तर पंप उतरवावा. आणि दुसरी गोष्ट: फवारा पाहण्यासाठी सुटलेल्या नोझलपुढे हात कधीही धरू नये. दोनशे वातावरणांच्या दाबाने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढे छिद्र दिसते, आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही गमवावा लागतो.

पुढील चूकही आमचीच. पंप दुरुस्त करण्यास पैसे बरेच लागणार होते. तितक्यात एकाने दुसऱ्या ट्रकाचा जुना पंप स्वस्तात देऊ केला. तो टर्बो बसविलेल्या इंजिनाचा होता. “यात ताकद जास्त आहे, चढणीला ट्रक पळेल,” असे आश्वासन मिळाले. मेस्त्रींनी तो बसविण्यास साफ नकार दिला. बंधूंनी दुसऱ्याकडून बसवून घेतला. ट्रक खरोखरच पळाला! पण चढणीवर मागून इतका काळा धूर निघे, की पाठची वाहने थांबत. टर्बो इंजिनास जादा हवा मिळते, म्हणून त्याचा पंप जादा डिझेल देतो. आमच्या इंजिनास हवा तेवढीच आणि डिझेल मात्र दीडपट. न जळालेले डिझेल धूर होऊन गेले आणि जे उशिरा जळले त्याने पिस्टन तापविले. पंधरा दिवसांत पाणी उकळू लागले, तेव्हा बंधू मुकाट्याने मेस्त्रींच्या दारी गेले.

शिकलेल्या तरुणांचा प्रश्न असा, की जुना पंप टाकून नवी ‘कॉमन रेल’ का बसवू नये? ही पद्धत १९९५ च्या सुमारास जपानी ट्रकांत आली. तीत दाब सोळाशे वातावरणांच्याही वर जातो आणि फवारणी संगणक ठरवितो; इंजिन शांत चालते, धूर कमी होतो. त्यांचा प्रश्न गैर नाही. परंतु तिच्यासाठी वेगळे नोझल, ते बसण्याजोगे हेड, दाबाचा पंप, नळ्या, फेरे मोजणारी उपकरणे आणि नेमक्या त्याच इंजिनासाठी बांधलेला संगणकाचा हिशोब, एवढे सर्व हवे. म्हणजे पंप नव्हे, इंजिनच बदलावयाचे. त्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद लागते. अमेरिकेतील हौशी मनुष्य एवढा खर्च करील. हप्ते थकलेल्या माणसाने तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरीस मूळचाच पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर चढविला. सहाही एलिमेंट नवे घातले, सहा काचेच्या नळ्यांत डिझेल सारखे पडते हे बंधूंनी स्वतः उभे राहून पाहिले, आणि गव्हर्नरला शिशाचे सील लावून घेतले. टायमिंग मेस्त्रींनी जुन्या रीतीने बांधले. पहिल्या सिलिंडरच्या तोंडावर वाकडी नळी बसवून ते इंजिन हातानेच हळूहळू फिरवीत होते. नळीतून ठिबकणारे डिझेल ज्या क्षणी थांबले, त्या क्षणी चाकावरील खूण खुणेवर आली पाहिजे. ती एका दातभर चुकली. त्यांनी पुन्हा सारे सोडले आणि पुन्हा बांधले. संध्याकाळ झाली होती, मी विजेरी धरून उभा होतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. पुढे लिलाव झाले, २०२४ साली डिचोलीचा खाणपट्टा सुरूही झाला. पण बंधू परत त्या रांगेत गेले नाहीत. त्यांचा ट्रक आता पेडण्याच्या बाजूस चिरे वाहतो. पावसाळ्यात ते काम बंद असते, तेव्हा ट्रक पुन्हा चार महिने उभा. मात्र आता टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते, म्हणजे आत दमट हवेस जागा राहत नाही. गाळणीतील पाणी दर आठवड्यास काढले जाते. रविवारी सकाळी मिस्साहून आल्यावर बंधू प्रथम पंपाची दांडी बोटाने सरकवून पाहतात आणि मगच इंजिन चालू करून ते चांगले तापेपर्यंत अर्धा तास चालू ठेवतात. ती फळी अद्याप ट्रकातच, आसनामागे ठेवलेली आहे.