फॉरवर्ड करण्याआधी
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे, डवरी गोसावी समाजाचे निरपराध लोक होते ते. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतासाठी एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

आता संदेशावर दोन बाण दिसले, तर तो अनेकांच्या फोनवरून फिरत आलाय असं समजा. त्यात तारीख, गाव आहे का पाहा. शंका वाटली तर पोलीस ठाण्यात विचारा. घरातल्या मुलांना, सुनेला विचारायलाही संकोच नको. चुकीचं काही पाठवलं गेलंच, तर त्याच ग्रुपवर तसं स्पष्ट लिहा.