भीतीचे रंग
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



भयपट म्हटला की आपल्याला काळोख आठवतो. इटलीतल्या दोन दिग्दर्शकांनी मात्र प्रेक्षकांना भर रंगांत घाबरवलं. ते रंग कसे तयार झाले, तेवढंच आज सांगतो.

पहिले मारिओ बावा. ते मूळचे छायालेखक. १९६४ सालच्या ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये फॅशनच्या कपड्यांच्या पेढीत खून होतात आणि खोल्या लाल, हिरव्या, जांभळ्या उजेडात न्हालेल्या दिसतात. तो उजेड कुठल्या दिव्याचा, हे विचारायचं नाही. आपल्या नाटकातला प्रकाशयोजनाकार दिव्यापुढे जिलेटीन कागद लावतो, तसाच हा प्रकार. पैसा बेताचा, पण नजर पक्की!

दुसरे दारिओ अर्जेंतो. १९७७ च्या ‘सस्पिरिया’साठी त्यांना डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’सारखे, परीकथेतले रंग हवे होते. छायालेखक लुचानो तोव्होली यांनी प्रखर आर्क दिव्यांपुढे रंगीत मखमल आणि पातळ कागद ताणलेल्या चौकटी धरल्या, त्याही नटांच्या अगदी जवळ. त्यामुळे रंग भिंतीवर थांबला नाही, थेट चेहऱ्यावर चढला.

निम्मं काम पुढे रोमच्या टेक्निकलर प्रयोगशाळेत झालं. निगेटिव्ह साधीच, ईस्टमनची. तिच्यावरून तीन वेगवेगळे साचे काढायचे, ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगांत भिजवायचे आणि कोऱ्या फिल्मवर एकावर एक उमटवायचे. आपल्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ वेगवेगळ्या रंगांच्या प्लेट्सनी छापतात, तसंच हे. प्रत्येक रंग स्वतंत्र हाती असल्यामुळे तो हवा तेवढा गडद करता येई. टेक्निकलर हे नाव आपल्यालाही परकं नाही. शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्येच झळकला होता.

ही पद्धत खर्चिक होती, म्हणून ती मागे पडली. पण त्या काळच्या साध्या रंगीत प्रती विटून गुलाबी झाल्या आणि साच्यांनी छापलेल्या प्रतींचा रंग टिकला. आज जुना चित्रपट संगणकावर दुरुस्त करताना मूळ लाल नेमका कोणता, हा प्रश्न येतोच. तेव्हा अशी एखादी जुनी प्रतच साक्षीदार ठरते. ती भंगारात गेली, तर लाल रंग कुणीतरी अंदाजानं ठरवणार.

म्हणून जुनी रिळं जपणं हा नुसता छंद नाही. त्यांत माणसांनी हातानं घडवलेला रंग आहे.