संकोचाची किंमत

(मंडळाच्या देवनहळ्ळी येथील सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी शिश्नाच्या कर्करोगावर बोलण्याचे आम्ही ठरवले, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींशी झुंजलेले साधे पदवीधर. परंतु ज्या विषयाचा उच्चार घरात होत नाही, तो निदान मंडळात तरी व्हावा, अशी आमची धारणा आहे.

हा रोग तसा विरळा. तरी पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्या ग्रामीण भागात अधिक आढळतो. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठी देशात अशी ही पहिलीच. खेड्यातला रुग्ण दुखणे अंगावर काढतो. त्यात जागा अशी, की पत्नीलाही सांगवत नाही.

या रोगाची कारणे कोणती? पुढची त्वचा मागे न सरकणे, अस्वच्छता, तंबाखू, आणि ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हाच विषाणू आहे, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूची करामत आमच्या कार्यालयीन भाषेत सांगतो. प्रत्येक पेशीत काही नियामक प्रथिने असतात. ‘पी ५३’ हा तपासनीस. सदोष पेशी दिसली की तो तिचे विभाजन थांबवतो. प्रसंगी तिला नष्टही करवतो. ‘आरबी’ हा मंजुरी रोखून धरणारा अधिकारी. विषाणूचे ‘ई ६’ हे प्रथिन तपासनीसाचा नायनाट करते, तर ‘ई ७’ अधिकाऱ्याला निकामी करते. मग पेशींची बेबंद वाढ होते. अधिकारी जागेवर नसला की त्याच्या मेजावर स्मरणपत्रांचा ढीग साचावा, तसे ‘पी १६’ नावाचे तिसरे प्रथिन पेशीत साचत जाते. त्या ढिगावरून विषाणूचा हात वैद्यांना ओळखता येतो.

पण येथेच सावध राहावयास हवे. या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत विषाणू सापडतच नाही. तेथे दीर्घकाळची सूज आणि जळजळ कारणीभूत असते, आणि ‘पी ५३’ बहुधा स्वतःच बिघडलेला असतो. जेथे विषाणू सापडतो, तेथेही तो अनेक वर्षांपूर्वी शिरलेला असू शकतो. संसार थाटलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो कधी ना कधी येतो आणि बहुतेकदा आपोआप निघूनही जातो. म्हणून रोगाचे नाव ऐकताच रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा शुद्ध अन्याय होय. या बोटाच्या भीतीनेच माणसे उशिरा येतात. वेळेवर आलेल्याचा अवयव पुष्कळदा वाचवता येतो. उशीर झाला की तो गमवावा लागतो, रोग जांघेतील गाठींत उतरतो आणि प्राणावर बेतते.

उलट, संकोच बाजूला सारल्यास काय साधते, ते मराठवाड्याने दाखवले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांची मोठी पाहणी झाली. विषाणूची तपासणी केवळ एकदा केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. शेतमजुरी करणाऱ्या भगिनींना जे जमले, ते आम्हा शिकल्यासवरल्या पुरुषांना का जमू नये?

मुलांना अंगाची स्वच्छता न लाजता शिकवावी. तंबाखू सोडावी. न भरणारी जखम, गाठ वा रक्तस्राव दिसल्यास डॉक्टर गाठावा. आपल्या बेंगळूरुत १९७३ पासून किदवाई संस्था आहे. रुग्णाच्या पत्नीनेही तपासणी करून घ्यावी, पण ती संशयापोटी नव्हे, काळजीपोटी. या विषाणूवरील स्वदेशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणली आहे. मुलामुलींच्या लसीकरणाविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात आपली माणसे एकत्र ठेवली. त्यांतील एकानेही केवळ लाजेपायी प्राण गमावू नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.