एकटीची कोंबडी, गटाची लस

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चेंबूरच्या बचत गटातील एका ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



"चेंबूरच्या ताई आता कोंबडीपालनावर बोलतील," असं सचिवताईंनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी पाहिलं बरं का! बरोबर आहे तुमचं. मुंबईची बाई आपल्याला कोंबड्या काय शिकवणार? पण माझं माहेर माणगाव तालुक्यातलं. आईच्या डालग्याखाली हात घालून अंडी काढायची कामगिरी माझी होती. त्या अंड्यांच्या पैशातून माझ्या वह्या आल्या, आणि दहावीची फी पण त्यातूनच गेली. वडिलांना त्या पैशाचा हिशोब कधी विचारावा लागला नाही आणि आईनेही कधी दिला नाही. भात घरादाराचा, म्हैस घरादाराची, पण कोंबडी आईची. हे तुमच्याकडेही असंच असेल.

लग्न होऊन चेंबूरला आले, घाटला गावात. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, तरी आमच्याकडे अजून बैठी घरं आहेत, गल्ल्या आहेत. घरामागे दहा बाय सहाची मोकळी जागा होती. तिथे मी पाच तलंगा आणि एक कोंबडा आणून सोडला. सासूबाई म्हणाल्या, "गाव सुटलं नाही हिचं." पण पहिलं अंडं मिळालं ना, ते आधी त्यांनीच हातात घेतलं आणि गालाला लावून पाहिलं. कोमट होतं. मग रोज सकाळी मागचं दार त्याच उघडायच्या.

हा आनंद तुम्हाला मी काय सांगायचा? खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकवीस दिवस आपणही तिच्याबरोबर बसतो. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीवर धरून बघायचं. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नुसतं पिवळं पारदर्शक दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी कवचाला कान लावला की आतून बारीक टकटक ऐकू येते. माझा धाकटा तेव्हा चौथीत होता. त्या दिवशी त्याने शाळा बुडवली आणि मी त्याला रागावले नाही.

आता निराशा सांगते. नुसता आनंद सांगून खाली बसले तर ती फसवणूक होईल.

पहिली निराशा आमच्या कोंबड्याची. दिसायला राजा, म्हणून नावही राजाच. पहाटे चारला बांग द्यायचा. गावात कोंबडा आरवला की बाई उठते. आमच्याकडे कोंबडा आरवला की समोरच्या इमारतीतला पाचवा मजला उठायचा. आधी वरून ओरडा, मग दारावर माणूस, मग "तक्रार करतो" अशी भाषा. रात्री मी त्याला गोणपाट टाकून झाकला, टोपलीखाली ठेवला. पण आपल्याकडे म्हणतातच, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. टोपलीखालून जास्तच घुमायचं! शेवटी आखाडात विकला. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून विकायच्या किंवा खायच्या पाखराला नाव ठेवायचं नाही, असं मी ठरवलं.

एक गोष्ट मात्र शिकले. राजा गेल्यावर शेजारीण म्हणाली, "आता अंडी बंद." बंद झाली नाहीत. अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायला लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा भरपूर झाला. दोन-तीन सांभाळणं म्हणजे मारामारी आणि वाया दाणा. जास्तीचे कोंबडे आखाड संपायच्या आत विकावेत. श्रावण लागला की कोण घेणार?

दुसरी निराशा सुधारित जातीची. आमच्या गटातल्या एकीने गिरिराज आणली, मी वनराज आणली. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. ही त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त देते, आणि अंगानेही भरते. ग्रामप्रिया तर नीट सांभाळली तर वर्षाला दीडशेच्या वर जाते. मी खूश! म्हटलं, आता ही खुडूक होईल, पिल्लं काढेल, माझं खुराडं भरेल. वाट बघून बघून वर्ष गेलं. या जाती खुडूक होतच नाहीत म्हटलं तरी चालेल. जास्त अंडी देण्यासाठी त्या तशाच तयार केल्या आहेत. हे पिल्लं विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणून सांगते, सुधारित जात जरूर घ्या, पण दोन गावरान कोंबड्या घरात राहू द्या. उबवायचं काम त्याच करतील. आणि सुधारित कोंबडीच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू आईइतकं अंडी देईलच असं धरून चालू नका.

तिसरी निराशा मोठी आहे. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी आज इथे उभी आहे.

२०१८ चा मे महिना. माझ्याकडे चौदा पाखरं होती. सोमवारी सकाळी एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली. वाटलं, ऊन लागलं असेल. गूळपाणी दिलं. मंगळवारी तिची मान वाकडी झाली, हिरवट पातळ शीट पडायला लागली, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. तुम्ही ओळखलंत ना? मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. शुक्रवारपर्यंत माझी अकरा पाखरं गेली. चौदातली अकरा. सासूबाईंनी मागचं दार लावून घेतलं आणि दोन महिने ते उघडलं नाही.

मानमोडीवर औषध नाही. लस आहे. आणि बायांनो, मला ते माहीत होतं! लस का टोचली नाही, ते ऐका. मी दवाखान्यात चौकशी केली होती. लशीची बाटली शंभर-दोनशे पाखरांची असते. बर्फात ठेवून आणायची, आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. उरली ती फेकायची. मी मनात म्हटलं, चौदा कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना मे होता.

आमच्या गल्लीत आणखी चार घरांत कोंबड्या होत्या. त्यांनीही हाच विचार केला होता. पाच घरांची मिळून साठ-सत्तर पाखरं होत होती. एक बाटली सगळ्यांना पुरली असती. आम्ही दर महिन्याला एकाच सतरंजीवर बसून बचत गोळा करत होतो. कर्जाचं बोललो, लग्नाचं बोललो, सुनांचं बोललो. कोंबडीचं बोललो नाही. का? तर कोंबडी ज्याची त्याची! आणि रोगाला काही ज्याचं त्याचं कळत नाही. तो एका अंगणातून दुसऱ्या अंगणात चपलेच्या तळव्याला लागून जातो, बाजारातून परत आणलेल्या पाखराबरोबर जातो, उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबडीतून जातो.

त्या पावसाळ्यात आम्ही पाच घरं एकत्र झालो. एक दिवस ठरवला. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली, दोघींनी पाखरं धरली, एकीने थेंब टाकले, एकीने वहीत लिहिलं. तासाभरात काम झालं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मानमोडीने एकही पाखरू गेलं नाही.

मग आली २०२० ची साथ. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, अशी अफवा उठली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पोल्ट्रीवाले मातीमोल भावाने माल विकायला लागले. त्यातून उठतोय तोवर जानेवारी २०२१ उजाडला. आमच्याच चेंबूरच्या टाटा कॉलनीत कावळे मरून पडलेले सापडले. तपासणीत मुंबईचा नमुना बर्ड फ्लूचा निघाला. त्याच दिवसांत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही बर्ड फ्लू निघाला. तिथे दोन-तीन दिवसांत आठशेच्या वर कोंबड्या मेल्या होत्या. ती पोल्ट्री कोणाची होती माहीत आहे? एका बचत गटाची. सुमारे आठ हजार पाखरं होती. टीव्हीवर ती बातमी बघताना माझ्या हातातला घास खाली राहिला. ते आपल्यासारखंच कोणीतरी होतं, ज्यांनी हप्ते फेडायचे होते.

मी घाबरले. शेजारी तर माझ्याकडे असं बघायला लागले, जसा मीच रोग आणला. तीन दिवसांत मी सगळ्या कोंबड्या मिळेल त्या भावाने काढून टाकल्या. एकही आजारी नव्हती. आज वाटतं, मी दोन चुका केल्या. एक म्हणजे कोणाला विचारलं नाही. दुसरी म्हणजे, समजा त्या आजारी असत्या, तर मी रोग आणखी चार घरांत पोचवला असता. साथ असताना पाखरं विकायची नाहीत, हलवायची नाहीत. बंद ठेवायची आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

कळवायला बाया घाबरतात. "कळवलं तर सगळ्याच मारून टाकतील." मला पण तेच वाटायचं. बर्ड फ्लू नक्की झाला तर ठरलेल्या भागातली पाखरं नष्ट करतात, हे खरं आहे. आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही लाखो पाखरं नष्ट करावी लागली. पण एक लक्षात ठेवा. सरकारची भरपाई त्यांनी नष्ट केलेल्या पाखरांची मिळते. आधीच मरून गेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवणारीचं दुहेरी नुकसान होतं. आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो. आपली पोरंच तर पिल्लं हातात घेऊन खेळतात.

आता कामाचं बोलते आणि संपवते.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की मानमोडीच्या लशीचा एक थेंब, डोळ्यात किंवा नाकात. हिला लासोटा म्हणतात. पुढे महिन्याच्या सुमाराला पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास पंखाखाली टोचायची लस. देवीची लस वेगळी असते. तारखा आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यांना आपल्या भागातल्या साथी माहीत असतात. लस निरोगी पाखरालाच द्यायची. त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या.

बाजारातून नवीन पाखरू आणलं तर दोन आठवडे वेगळं डालायचं. मेलेलं पाखरू नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही, खड्डा करून चुना टाकून पुरायचं. संध्याकाळी खुराड्याची कडी आपल्या हाताने लावायची. तुमच्याकडे मुंगूस आणि रानमांजर येतं, आमच्याकडे घुशी येतात. माझी नऊ पिल्लं एका रात्रीत घुशीने नेली, कारण जाळीला चार बोटांची फट होती.

आणि वही. अंडं विकलं तेही लिहा, घरात खाल्लं तेही लिहा. पोराच्या ताटातलं अंडं ही पण कमाईच आहे. वर्षाच्या शेवटी बेरीज केलीत तर घरात कोणी "कोंबड्यांत काय ठेवलंय" असं म्हणणार नाही.

आज जाताना एवढंच करा. पुढच्या मासिक बैठकीत बचत आणि कर्जाच्या खाली अजून एक ओळ घाला: कोणाकडे किती कोंबड्या, शेवटची लस कधी दिली. गावात पशुसखी असेल तर तिला बोलवा, नसेल तर दोघींनी दवाखान्यात जा. दहा घरांच्या दहा-दहा कोंबड्या झाल्या की एक बाटली पुरते.

माझं विचाराल तर मागच्या वर्षी मी पुन्हा सहा तलंगा आणल्या. कोंबडा नाही, पाचव्या मजल्याला झोपू दे! उबवायची अंडी आणते माहेरून, वहिनीच्या गटाकडून. सासूबाई आता थकल्या आहेत, पण सकाळी मागच्या दाराची कडी त्यांनाच काढायची असते. अंडं मिळालं की गालाला लावून बघतात आणि मला हाक मारतात, "अगं, कोमट आहे!"